शनिवारी रात्री कुठे होता?

सोमवारच्या ओपीडीला स्वतःचा असा एक चेहरा असतो. मधुमेह, रक्तदाब आणि दम्याचे नेहमीचे रुग्ण रांगेत असतातच. पण त्यांच्या मधेमधे काही तरुण, थकलेले चेहरे दिसतात. डोळ्यांवर गॉगल, हातात पाण्याची बाटली आणि सोबत बायको नाहीतर आई. गेल्या पावसाळ्यातल्या एका सोमवारी असाच एक बेचाळीस वर्षांचा गृहस्थ समोर येऊन बसला. रविवार पहाटेपासून छातीत धडधडत होतं. काल काय खाल्लं, कुठे गेला होता, असं विचारल्यावर त्याने आधी बायकोकडे पाहिलं आणि मग म्हणाला, ‘काही नाही डॉक्टर, बाहेरचं पनीर खाण्यात आलं.’

गेल्या काही वर्षांत माझ्या टेबलावर पनीरवर इतके आळ आले आहेत की, पनीर हा साथीचा रोग असावा असं नव्या इंटर्न मुलांना वाटू लागलं आहे.

पनवेलमध्ये नोकरी करणाऱ्या डॉक्टरला शनिवार-रविवारचं भान ठेवावंच लागतं, कारण हे गाव वाटेवरचं आहे. मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग इथल्या कळंबोलीहून सुरू होतो, गोव्याचा महामार्ग पळस्प्याहून कोकणाकडे वळतो, हार्बरची लोकल इथे येऊन संपते. कर्नाळा जवळ, माथेरानचा डोंगर जवळ, आसपासच्या गावांतून फार्महाऊसची गर्दी. २००५ साली राज्यात डान्स बारवर बंदी आली, पुढे २०१३ आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयाचे निकाल आले. या काळात पाट्या बदलल्या, दिवे बदलले. रात्र मात्र गजबजलेलीच राहिली. दीप अमावास्या कोणत्याही वारी येवो, गटारी तिच्या आधीच्या शनिवार-रविवारी उरकली जाते. त्यानंतरचा सोमवार आमच्याकडे कसा असतो, हे वेगळं सांगायला नको.

पार्टी करू नका, हे सांगायला मी हा लेख लिहीत नाही. मला सांगायचं आहे ते आजारावरच्या उपचाराबद्दल. सुट्टीच्या दोन दिवसांत काय झालं, हे रुग्ण लाजेपोटी लपवतो. आणि तोंडाला वास आला की डॉक्टर पुढचं विचारायचंच थांबवतो. या दोघांच्या मधल्या फटीतून खरा आजार निसटतो. यातली दुसरी चूक मी स्वतः केलेली आहे.

गटारीचा एक रविवार

साधारण तीस वर्षांपूर्वी मी रायगड जिल्ह्यातल्या एका ग्रामीण रुग्णालयात नवीन लागलो होतो. गटारीचा रविवार, सकाळचे साडेसहा. चार मुलांनी पाचव्याला जीपमधून उतरवून आणलं. ‘रात्री जरा जास्त झाली, साहेब,’ त्यातला एक म्हणाला. सांगायची गरज नव्हती. वास खोलीभर पसरला होता. मुलाच्या पोटात दुखत होतं, दोन उलट्या झाल्या होत्या, बोलणं जड होतं, डोळे अर्धे मिटलेले. मी नाडी पाहिली, रक्तदाब पाहिला, ॲसिडिटीचं इंजेक्शन आणि सलाईन लिहून दिलं. ‘उतरेल दुपारपर्यंत,’ असं म्हणून पुढच्या रुग्णाकडे वळलो. मी रात्रभर जागा होतो, हे कारण नंतर स्वतःला बरेचदा दिलं. ते पुरेसं नव्हतं.

पाऊण तासाने वॉर्डातल्या सिस्टरांनी मला बोलावून घेतलं. ‘सर, हा झोपलेला नाही. हाक मारली की बघायचा प्रयत्न करतो, पण त्याला पापण्या उचलता येत नाहीत. आणि लाळ गिळत नाहीये.’ मी जाऊन पाहिलं. मान उशीवरून उचलली जात नव्हती. तेव्हा कुठे मी त्या चौघांना तो प्रश्न विचारला, जो आल्याआल्या विचारायला हवा होता : रात्री हा झोपला कुठे? उत्तर आलं, ‘शेतावरच्या खोलीत. जमिनीवर, गोणपाट टाकून.’

मण्यार चावली होती. हा साप रात्री फिरतो आणि बहुतेक वेळा जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो. दंश इतका बारीक असतो की अनेकदा वेदना होत नाही, सूज येत नाही, दातांच्या खुणाही सापडत नाहीत. पहाटे पोटात दुखू लागतं, उलटी होते, मग पापण्या खाली येतात, बोलणं अडखळतं, गिळता येत नाही आणि शेवटी श्वासाचे स्नायू थकतात. यातली पहिली चार-पाच लक्षणं पुन्हा वाचून पाहा. ‘रात्री जास्त झाली’ या वर्णनात ती सगळी बसतात.

प्रतिविषाची इंजेक्शनं सुरू केली. श्वास मंदावला तेव्हा नळी घातली. मोठ्या रुग्णालयात पोचेपर्यंत रुग्णवाहिकेत त्याच चार मुलांनी पाळीपाळीने अंबू बॅग दाबून त्याला श्वास दिला. तो वाचला आणि नऊ दिवसांनी स्वतःच्या पायांनी घरी गेला. श्रेय सिस्टरांचं आणि त्या मित्रांचं. माझ्या नावावर पंचेचाळीस मिनिटांचा उशीर आहे.

याच जिल्ह्यातले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ साली बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात रुजू झाले. विंचूदंशाच्या रुग्णांच्या उशाशी बसून त्यांनी तासातासाच्या नोंदी ठेवल्या आणि रक्तदाबावरचं प्राझोसिन हे औषध विंचूदंशात प्राण वाचवतं, हे दाखवून दिलं. ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचं काम छापून आलं, २०२२ साली पद्मश्री मिळाली. सुरुवातीला त्यांच्याजवळ मोठी उपकरणं नव्हती. होतं ते रुग्णाकडे बघत राहणं आणि विचारत राहणं. त्या रविवारी मी नेमकं तेवढंच केलं नाही.

वासाआड लपणारे आजार

पार्टीनंतर माणूस बेशुद्ध किंवा असंबद्ध दिसला तर दारूखेरीज आणखी काही गोष्टी मनात आणाव्या लागतात.

पहिली, रक्तातली साखर. उपाशी अवस्थेत आपलं यकृत साखर तयार करून रक्तात सोडत असतं. दारू पचवायच्या कामात ते अडकलं की ही निर्मिती मंदावते. इन्सुलिन घेणाऱ्या किंवा ग्लिमेपिराइडसारखी गोळी घेणाऱ्या मधुमेहीने जेवण टाळून पेग घेतले, वर तासभर नाच केला, तर मध्यरात्रीनंतर साखर धोकादायक पातळीवर उतरू शकते. घाम, थरथर, बरळणं आणि मग बेशुद्धी. मित्र म्हणतात, झोपू दे त्याला. इथे बोटाला सुई टोचून केलेली एक मिनिटाची तपासणी प्राण वाचवते. रुग्ण शुद्धीवर असेल आणि गिळू शकत असेल तर लगेच साखरेचं पाणी द्या. बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, रुग्णालयात न्या. या गोळ्यांचा परिणाम बराच वेळ टिकतो. त्यामुळे एकदा साखर वाढली म्हणून लगेच घरी सोडून चालत नाही.

दुसरी, डोक्याला लागलेला मार. धबधब्याच्या शेवाळावर पाय घसरतो, मोटारसायकल थोडीशी ‘स्लिप’ होते, माणूस उठून हसतो आणि पुन्हा मैफलीत बसतो. कवटीच्या आत मात्र रक्त साचत राहतं. पुन्हा पुन्हा उलटी, वाढत जाणारी गुंगी, एक बाहुली मोठी दिसणं, कानातून किंवा नाकातून रक्त वा पाणी येणं, यातलं काहीही दिसलं तर सकाळची वाट पाहू नका.

तिसरी, विषारी दारू. जून २०१५ मध्ये मुंबईत मालवणीला शंभराहून अधिक माणसं मेली, ती मिथेनॉलमुळे. पिताना ते साध्या दारूसारखंच वाटतं. शरीरात त्याचं फॉर्मिक आम्ल बनायला वेळ लागतो, त्यामुळे त्रास बहुधा बारा ते चोवीस तासांनी सुरू होतो : पोटदुखी, धाप आणि डोळ्यांसमोर धुकं. पिऊन दुसऱ्या दिवशी धुरकट दिसू लागलं, तर तो हँगओव्हर नव्हे. वेळेत पोचलात तर उतारा आणि डायलिसिस यांनी जीव आणि दृष्टी दोन्ही वाचू शकतात.

आणि चौथी, हृदय. आमच्या पनीरवाल्या गृहस्थाकडे परत येऊ. त्याच्या पत्नीला मी दोन मिनिटं बाहेर बसायला सांगितलं, पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘शनिवारी रात्री कुठे होता?’ मग सगळं बाहेर आलं. लोणावळ्याजवळ कंपनीतल्या मित्रांची पार्टी, सहा-सात पेग, झोप जेमतेम दोन तास, पहाटे धडधड, आणि तशाच अवस्थेत गाडी चालवत परत. ईसीजी काढला तर ठोके वेगवान आणि पूर्ण अनियमित. याला एट्रियल फिब्रिलेशन म्हणतात. सुट्टीत भरपूर दारू प्यायल्यावर, आधी हृदयविकार नसलेल्या माणसांच्याही हृदयाची लय बिघडते, हे अमेरिकेत न्यू जर्सीमध्ये फिलिप एटिंगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ साली मांडलं आणि त्याला ‘हॉलिडे हार्ट’ असं नाव दिलं. बहुतेकांचे ठोके एक-दोन दिवसांत जागेवर येतात. पण ते आल्याची खात्री ईसीजीने करावी लागते, कारण अनियमित ठोक्यांमुळे हृदयात गुठळी होऊन लकवा येऊ शकतो. हाच गृहस्थ पनीरवर अडून राहिला असता तर थायरॉइडपासून सुरुवात करून मी अर्धा महिना भलत्याच वाटेने गेलो असतो.

चार पेगांचा हिशेब

सोमवारी सर्वाधिक ऐकू येणारी मागणी म्हणजे, ‘डॉक्टर, एक बाटली लावा.’ रात्रीची बाटली उतरवायला सकाळी दुसरी बाटली! सलाईनने पाणी आणि मीठ भरून निघतं. दारू लवकर उतरत नाही. ती उतरवण्याचं काम यकृत करतं आणि ते कोणाच्या घाईने चालत नाही.

हिशेब सोपा आहे. आपल्याकडच्या व्हिस्कीत साधारण ४२.८ टक्के अल्कोहोल असतं. ६० मिलिलिटरच्या एका मोठ्या पेगमध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल जातं. यकृत तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम पचवतं. म्हणजे चार मोठे पेग पचायला ८ ते ११ तास. रात्री नऊला सुरुवात केली असेल तर पहाटे पाच ते सकाळी आठपर्यंत रक्तात अंश राहणारच. काळी कॉफी, लिंबूपाणी, थंड पाण्याची अंघोळ यांनी माणूस ताजातवाना दिसेल. रक्तातलं प्रमाण तेच राहील.

यात जागरण मिळवा. मोटार वाहन कायद्यानुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल असेल तर वाहन चालवणं गुन्हा आहे. १९९७ साली ‘नेचर’मध्ये डॉसन आणि रीड या संशोधकांनी दाखवलं की, सलग १७ तास जागं राहिलेल्या माणसाची हालचाल आणि प्रतिसाद रक्तात ५० मिलिग्रॅम अल्कोहोल असल्याइतके घसरतात. म्हणजे शनिवारी सकाळी सातला उठलेला, थेंबही न घेतलेला मित्र रात्री बारानंतर द्रुतगती मार्गावर गाडी चालवतो, तेव्हा त्याचा मेंदू कायद्याच्या मर्यादेपलीकडे गेलेला असतो. त्याच्या तोंडासमोर धरलेलं यंत्र मात्र शून्य दाखवतं. ‘आमच्यात एक न पिणारा होता’ हे वाक्य मी अपघात विभागात अनेकदा ऐकलं आहे. तो न झोपलेलाही होता, हे कोणी सांगत नाही. मुक्काम करा, झोपा, उजाडल्यावर निघा.

हँगओव्हरवर चमत्कारी औषध नाही. पाणी, ओआरएस, हलकं जेवण आणि झोप, एवढाच उपचार. डोकं दुखतं म्हणून रिकाम्या पोटी आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक घेतल्याने आधीच सुजलेल्या जठरातून रक्तस्राव झालेले रुग्ण आम्ही दाखल करतो. पॅरासिटामॉलचा मारा यकृताला सोसत नाही. आणि प्रमाणाविषयी विचाराल तर, दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलेलं आहे. ते मी तुमच्यापासून लपवणार नाही, तुम्हीही माझ्यापासून लपवू नका.

तिसऱ्या सोमवारी येणारा ताप

प्रवासातले काही आजार लगेच दिसत नाहीत. दोन आठवड्यांनी ताप येतो, तोवर तो रविवार विसरलेला असतो. पावसाळ्यात धबधब्याखाली, चिखलात, शेताच्या बांधावर अनवाणी फिरलात आणि पायाला खरचटलेलं असेल, तर उंदरांच्या मूत्रातून पाण्यात आलेले लेप्टोस्पायराचे जंतू शरीरात शिरू शकतात. बहुधा ५ ते १४ दिवसांनी ताप, पोटऱ्यांत प्रचंड दुखणं, लाल डोळे. दुर्लक्ष झालं तर कावीळ आणि लघवी कमी होणं. डेंग्यू डास चावल्यावर साधारण ४ ते १० दिवसांनी दिसतो, मलेरियाला अनेकदा १० ते १५ दिवस लागतात, आणि दूषित पाण्यातून येणारी ‘अ’ प्रकारची कावीळ सरासरी चार आठवड्यांनी उगवते. गवताळ जागेत तंबू ठोकून राहिलेल्यांच्या अंगावर, कधी काखेत, कधी जांघेत, सिगारेटचा चटका बसल्यासारखा काळा डाग सापडतो. तो स्क्रब टायफसचा असतो. लेप्टो आणि स्क्रब दोन्हींवर डॉक्सिसायक्लिन हे स्वस्त औषध आहे. अट एवढीच की डॉक्टरच्या मनात वेळेत शंका यावी. म्हणून ताप आला की गेल्या महिनाभरात कुठे कुठे गेला होता, हे न विचारता सांगा.

आणखी एक गोष्ट कुजबुजत सांगितली जाते, तीही खूप उशिरा. रात्री असुरक्षित संबंध आला असेल, तर एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करून २८ दिवस घ्यावी लागतात; जितकी लवकर तितकी उपयोगी. शनिवारच्या रात्रीचे ७२ तास मंगळवारी रात्री संपतात. रुग्ण येतो पुढच्या शुक्रवारी, ‘जरा अशक्तपणा वाटतोय’ असं म्हणत. सरकारी केंद्रांतली चाचणी मोफत आहे, आणि २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने ती गुप्त ठेवण्याचं बंधन आमच्यावर आहे.

मित्रांसाठी चार गोष्टी

कोणी अतिप्यायल्याने पडला असेल तर त्याला एकटं सोडू नका. पाठीवर झोपवू नका, कुशीवर वळवा. म्हणजे उलटी झाली तरी ती श्वासनलिकेत जाणार नाही. बोटं घालून उलटी काढू नका, लिंबूपाणी ओतू नका, अंघोळ घालू नका. हाक मारून, चिमटा काढूनही प्रतिसाद नसेल, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी असेल किंवा मध्येच दहा सेकंद थांबत असेल, तर १०८ ला फोन करा. पोलिसांची झंझट नको म्हणून रस्त्यावरच्या जखमीला सोडून जाऊ नका. मदत करणाऱ्याला नाव सांगायची वा साक्षीदार व्हायची सक्ती करता येत नाही. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर कायद्यानेही त्याला संरक्षण दिलं आहे. फार्महाऊसवर मुक्काम असेल तर जमिनीवर झोपू नका, खाट घ्या, मच्छरदाणी गादीखाली खोचा. आणि रुग्णालयात आल्यावर काय प्यायला, किती, किती वाजता, कुठे झोपला, पडला होता का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, एवढं खरं सांगा. आम्ही पोलीस नाही आणि तुमचे सासरेही नाही.

आमच्या बाजूचं कर्तव्यही तेवढंच आहे. वास आला तरी साखर तपासायची, डोकं चाचपायचं, बाहुल्या पाहायच्या, पापण्या पाहायच्या. माझ्या हाताखाली नव्याने लागणाऱ्या प्रत्येक डॉक्टरला मी त्या गटारीच्या रविवारची गोष्ट सांगतो आणि पंचेचाळीस मिनिटांचा आकडा गाळत नाही.

त्या सोमवारच्या गृहस्थाला आम्ही एक रात्र ठेवून घेतलं. मंगळवारी सकाळी ठोके नियमित झाले. डिस्चार्जचा कागद देताना त्याने स्वतःहून पत्नीला सांगायला सुरुवात केली, ‘अगं, ते पनीर नव्हतं...’ तिने कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. ‘मला रविवारीच माहीत होतं,’ ती म्हणाली. ‘मी फक्त वाट बघत होते, डॉक्टरांना कधी सांगताय त्याची.’